ढगाळ देशातला आकाशवाला

इंग्लंडात गेल्यावर पहिले पाच आठवडे मला एकही तारा दिसला नाही.

२००६ सालचा ऑक्टोबर. कामानिमित्त दोन वर्षांसाठी पोर्ट्समथला गेले होते, तिकडच्या दक्षिण किनाऱ्यावर. पुण्याहून निघताना बॅगेचं वजन जास्त भरलं, तेव्हा लोणच्याची बरणी बाहेर आली आणि द्विनेत्री, म्हणजे दोन डोळ्यांची दुर्बीण, आत राहिली. आई ते अजून ऐकवते. कॉलेजात असताना ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या लोकांबरोबर टिळक स्मारक मंदिराच्या गच्चीवर आकाश बघायची सवय लागली होती. पुण्यात साडेअठरा अंशांवर असणारा ध्रुव तिकडे जवळजवळ एकावन्न अंशांवर दिसेल, सप्तर्षी मावळणारच नाहीत, असे हिशोब मी विमानात बसून केले होते. हिशोब बरोबर होते. फक्त ढग धरायचे राहून गेले होते.

एका बाईंच्या घरात वरची खोली भाड्याने मिळाली होती. बाई सत्तरीच्या, एकट्या, आणि रात्री उशिरापर्यंत टीव्ही बघणाऱ्या. एका रविवारी बाराच्या सुमाराला मी पाणी घ्यायला खाली उतरले, तर पडद्यावर एक अवाढव्य म्हातारा खुर्चीत बसलेला. उजव्या डोळ्यात एकच गोल भिंग अडकवलेलं, ती भुवई वर चढलेली, कोट अंगावर घातलेला कमी आणि टाकलेला जास्त. आणि बोलण्याचा वेग! घाटात उताराला लागलेल्या एस.टी.सारखी वाक्यं येत होती, पण एकही शब्द रस्ता सोडून जात नव्हता. विषय होता शनी. बाहेर पागोळ्या गळत होत्या.

"कोण हे?" मी विचारलं.

राणी कोण असं विचारल्यासारखं बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "पॅट्रिक," त्या म्हणाल्या. आडनाव सांगायची त्यांना गरज वाटली नाही.

आडनाव मूर. कार्यक्रमाचं नाव 'द स्काय ॲट नाइट'. त्याचा पहिला भाग बीबीसीवर लागला तो २४ एप्रिल १९५७ रोजी, रात्री साडेदहाला. त्या वेळी मूर ३४ वर्षांचे होते. तेव्हापासून दर महिन्याला हाच माणूस, हाच विषय. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा या गोष्टीला एकोणपन्नास वर्षं झाली होती. आमचं मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, तेव्हा मूर यांचा कार्यक्रम पंधरा वर्षांचा, म्हणजे मिसरूड फुटलेला होता. एवढ्या वर्षांत त्यांचा एकच भाग चुकला. २००४च्या जुलैमध्ये. कारण, हंसिणीचं खराब अंडं खाऊन त्यांना विषबाधा झाली. युद्धातून सुखरूप परतलेल्या माणसाला अंड्याने आडवं केलं, हे बाईंनी मला पहिल्याच रात्री मोठ्या चवीने सांगितलं.

नंतर मी दर महिन्याला त्या रविवारची वाट बघायला लागले. एकटेपणा हे एक कारण झालं. दुसरं जरा वेगळं आहे. पहिल्या पाच आठवड्यांत मला कळून चुकलं होतं, की या देशात आकाश ही ऐकायची गोष्ट आहे. आपल्याकडे चार महिने पावसाचे सोडले तर आकाश रोज हजर असतं, त्याच्याबद्दल कोणी बोललं नाही तरी चालतं. तिथे ते महिनोन्‌महिने पडद्याआड. मग कोणीतरी पडद्यापुढे उभं राहून सांगावं लागतं, की मागे काय चाललं आहे. कीर्तनकार कुठे पंढरपूर बरोबर घेऊन येतो? वीणा घेऊन उभा राहतो आणि बोलतो. मूर यांनी पन्नास वर्षं हेच केलं. सुरुवातीच्या काळात तर टीव्हीचे कॅमेरे इतके मंददृष्टी, की तारे दाखवणं त्यांच्या आवाक्यातच नव्हतं. हातात नकाशे, पुठ्ठ्याच्या प्रतिकृती आणि हा माणूस. थेट प्रक्षेपण, म्हणजे चुकलं तर चुकलं. एकदा बोलता बोलता एक माशी सरळ तोंडात गेली. कॅमेरा चालू, करणार काय, त्यांनी ती गिळली आणि पुढचं वाक्य बोलले. घरी आल्यावर त्यांची आई म्हणे एवढंच म्हणाली, की तुला त्रास झाला खरा, पण माशीला त्याहून जास्त झाला असणार.

या आईबद्दल थोडं सांगायला हवं. मूर यांनी लग्न केलं नाही. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलाच्या बाँबफेकी विमानांवर नॅव्हिगेटर होते. त्यांचं जिच्याशी लग्न ठरलं होतं ती मुलगी जर्मन बाँबहल्ल्यात गेली. त्यानंतर तो विषय त्यांनी बंद केला. आई मात्र १९८१ सालापर्यंत त्यांच्याबरोबर राहिली, चौऱ्याण्णव वर्षांची होऊन गेली. ती परग्रहावरच्या प्राण्यांची चित्रं काढायची, त्यांचं पुस्तकही निघालं. लहानपणी या मुलाचं हृदय नाजूक म्हणून शाळा बुडायची, शिक्षण बरंचसं घरीच झालं. त्या रिकाम्या दिवसांत सूर्यमालेवरचं एक पुस्तक हाती लागलं आणि अकराव्या वर्षी हा मुलगा ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचा सभासद झाला. ही संस्था १८९०ची, हौशी लोकांची. पुण्यातली आमची परिसंस्था १९४४ची, तीही हौशी लोकांची. 'हौशी' हा शब्द आपण जरा कमी लेखून वापरतो, हौशी नाटक, हौशी गायक. मूर यांनी तो आयुष्यभर मिरवला. विद्यापीठाची पदवी घेतली नाही. केंब्रिजला जायचं ठरलेलं होतं, तेवढ्यात युद्ध आलं. ते संपल्यावर काही वर्षं शाळेत मास्तरकी केली आणि मग लिहू लागले. सत्तरहून जास्त पुस्तकं, बहुतेक सगळी १९०८ सालच्या एका वुडस्टॉक टाइपरायटरवर. २००१ साली रॉयल सोसायटीने त्यांना मानद फेलो करून घेतलं, त्याच वर्षी राणीने सर केलं, आणि तरी ते स्वतःला हौशीच म्हणत राहिले.

नशीबही होतं म्हणा. १९५७च्या एप्रिलमध्ये आरेन्ड-रोलां नावाचा धूमकेतू नुसत्या डोळ्यांनी दिसत होता, त्यामुळे पहिल्याच भागाला आयता पाहुणा मिळाला. ऑक्टोबरमध्ये रशियाने स्पुटनिक सोडला आणि आकाश हा विषय एकदम पहिल्या पानावर आला. मूर यांचा जीव चंद्रावर होता. चंद्राच्या कडेचे जे भाग पृथ्वीवरून तिरके आणि कधीमधीच दिसतात, त्यांचे नकाशे त्यांनी दुर्बिणीला डोळा लावून रात्री रात्री जागून काढले होते. १९५९मध्ये लूना ३ यानाने चंद्राच्या पाठीमागच्या बाजूचे फोटो पाठवले, तेव्हा ते जुळवायला रशियनांनी हे नकाशे वापरले. अपोलो ११च्या रात्री बीबीसीच्या स्टुडिओत जेम्स बर्क आणि क्लिफ मिशेलमोर या निवेदकांबरोबर मूर बसले होते. त्या स्टुडिओतल्या चित्रीकरणाचा बहुतेक भाग आज उरलेला नाही. फिती महाग होत्या, पुसून पुन्हा वापरत. माणूस चंद्रावर उतरला त्या रात्रीची फीत! आपल्या दूरदर्शननेही किती काय पुसलं असेल, तो विचार मी करत नाही, झोप लागत नाही मग.

चंद्राबाबत त्यांचं एक खरं ठरलं आणि एक साफ चुकलं. थॉमस गोल्ड नावाच्या शास्त्रज्ञाचं म्हणणं होतं, की चंद्राच्या मैदानांवर धुळीचे खोल थर आहेत, यान उतरलं तर गडप होईल. मूर यांना ते पटत नव्हतं. १९६६मध्ये लूना ९ उतरलं आणि वरच राहिलं. पण चंद्रावरची विवरं ज्वालामुखींमुळे झाली, असं ते वर्षानुवर्षं ठामपणे सांगत होते, लिहीत होते. ती अशनींच्या आघाताने झाली हे अपोलोने आणलेल्या दगडांनंतर बहुतेकांनी मान्य केलं. शेवटी मूर यांनीही केलं. टीव्हीवर पन्नास वर्षं काढायची म्हणजे आपलं चुकलेलं सगळ्या देशाला पाठ असतं.

लोकांचं प्रेम मात्र विवरांवर नव्हतं. मूर झायलोफोन वाजवायचे, राजघराण्यासमोर वाजवला. सेल्सी गावच्या संघातून क्रिकेट खेळायचे, लेगस्पिन टाकायचे, फलंदाजीचं नाव नको. नव्वदच्या दशकात पोरांच्या व्हिडिओ गेमच्या एका कार्यक्रमात त्यांचं नुसतं डोकं, शिरस्त्राण घालून, पडद्यावर तरंगत आज्ञा द्यायचं. त्या खेळांतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. आणि १ एप्रिल १९७६ला तर त्यांनी रेडिओवर गंभीर आवाजात सांगितलं, की सकाळी ९ वाजून ४७ मिनिटांनी प्लूटो गुरूच्या मागे जाईल, पृथ्वीवरचं गुरुत्वाकर्षण क्षणभर कमी होईल, त्या क्षणी उडी मारून बघा. लोकांनी मारल्या. वर फोन करून कळवलं, की हो, आम्ही तरंगलो. घरमालकीणबाईंच्या नणंदेने उडी मारली होती. तिला काही झालं नाही, पण शेजारणीला झालं म्हणे.

मला त्यांची आणखी एक गोष्ट जवळची होती. ११ ऑगस्ट १९९९चं खग्रास ग्रहण. ब्रिटनमध्ये ते कॉर्नवॉलमधून दिसणार होतं, मूर तिथे गेले होते, आणि ऐन वेळी ढग. चंद्राची तीच सावली युरोप, तुर्कस्तान, इराण ओलांडून संध्याकाळी कच्छमध्ये पोचली. तिथे आम्ही पुण्याची पंधरा-वीस मुलं दीड दिवसाचा प्रवास करून, फिल्टर वगैरे घेऊन उभे होतो, आणि पावसाळी ढग. मिनिटभर सगळं काळवंडलं, कुत्री भुंकली, आणि सूर्य काही दिसला नाही. सावलीच्या एका टोकाला सर पॅट्रिक, दुसऱ्या टोकाला आम्ही, दोघांच्याही डोक्यावर गोधडी. हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा दुसरा कप चहा विचारला.

३ मार्च २००७च्या रात्री मात्र आकाश उघडं होतं. खग्रास चंद्रग्रहण. मी साउथसीच्या समुद्रकिनाऱ्यावर, दोन स्वेटर आणि वर बाईंचा कोट घालून. चंद्र तांब्याच्या जुन्या घंगाळासारखा झाला आणि तासाहून जास्त वेळ तसाच राहिला. मध्यरात्रीला दोन-तीन मिनिटं असताना कडेला उजेडाची पहिली रेघ फुटली. ४ मार्च हा मूर यांचा वाढदिवस, त्या दिवशी चौऱ्याऐंशी पूर्ण. पूर्वेला, हेलिंग बेटाच्या पलीकडे, अंधारात कुठेतरी सेल्सी. तिथल्या फार्दिंग्ज नावाच्या घरात म्हातारबुवा खिडकीशी बसले असतील, असं वाटलं. पाठीच्या दुखण्याने आणि संधिवाताने तोवर त्यांना दुर्बिणीशी बसवत नव्हतं. टाइपरायटरही सुटला होता. कार्यक्रमाची मंडळीच कॅमेरे घेऊन त्यांच्या घरी येत.

एप्रिलमध्ये पन्नासावा वाढदिवस, कार्यक्रमाचा. विशेष भागात एका नकलाकाराने तरुण पॅट्रिक उभा केला आणि म्हाताऱ्या पॅट्रिकने त्याच्याशी गप्पा मारल्या. आम्ही दोघींनी केक कापला. खरंच कापला, बाईंनी आणला होता.

आणि मे महिन्यात ती मुलाखत आली.

बीबीसीचा दर्जा घसरला आहे, कारण तिथे आता बायकांचं राज्य आहे, असं मूर यांचं म्हणणं होतं. सगळीकडे मालिका, स्वयंपाक, प्रश्नमंजुषा. अंतराळावरच्या जुन्या मालिका आपण बघणं सोडलं, कारण त्यांत बायकांना यानाच्या कप्तान करून टाकलं. बायकांसाठी एक वाहिनी आणि पुरुषांसाठी वेगळी असावी. ऑफिसमध्ये दुपारच्या सुट्टीत कोणीतरी हे मोठ्याने वाचून दाखवलं आणि सगळे हसले. मीही हसले. मग घरी येऊन आणखी वाचत बसले, आणि बसायला नको होतं असं वाटलं. सत्तरच्या दशकात ते बाहेरून येणाऱ्या लोकांच्या विरोधातल्या एका छोट्या पक्षाचे अध्यक्ष होते. नंतरही त्या मतांत फरक नव्हता, पक्ष फक्त बदलला होता. जर्मनांना तर त्यांनी कधीच माफ केलं नाही. त्याचं कारण मला निदान समजू शकत होतं.

मी बाई. वर बाहेरून आलेली. ज्या माणसाच्या आवाजावर मी तो हिवाळा काढला, त्याच्या मते माझ्यासारखीने तिथे असायलाच नको होतं, आणि असलीच तर दुसऱ्या वाहिनीवर.

बाईंना मी हे बोलून दाखवलं. "पॅट्रिक आहे तो," त्या म्हणाल्या, "त्याचं काय मनावर घेतेस. तू समोर गेलीस तर तुलाच चहा पाजेल." गंमत म्हणजे ते खरं होतं. त्यांच्या घराचं दार सगळ्यांना उघडं असे, हे बहुतेक सगळेच सांगतात. पण 'समोर गेलीस तर' ही अट मला टोचत राहिली. जे समोर जात नाहीत त्यांचं काय? आपल्याकडेही असे आजोबा घरोघर आहेत. जातीवरून वाटेल ते बोलतील आणि दारात आलेल्या पोराला स्वतःच्या ताटातलं वाढतील. आपण त्यांच्या ताटाकडे बघतो आणि बोलणं पोटात घालतो. आपल्याला परवडतं, म्हणून घालतो. चंद्राच्या विवरांबद्दल ज्या माणसाने पुराव्यापुढे मान तुकवली, त्याने माणसांबद्दलचं मत पन्नास वर्षांत एकदाही दुर्बिणीखाली धरू नये, याचा मला राग आला होता. त्याहून राग याचा, की पुढच्या महिन्यात मी पुन्हा तो कार्यक्रम बघायला खाली उतरले. शुक्र होता त्या दिवसांत, संध्याकाळी पश्चिमेला, ठळक. फार सुंदर बोलले.

त्यातच हेदर कूपर यांची गोष्ट कळली. सोळा वर्षांची असताना या मुलीने मूर यांना पत्र लिहून विचारलं होतं, की मला खगोलशास्त्रज्ञ व्हायचंय, मुलगी असण्याची अडचण येईल का? मूर यांनी उलट टपाली कळवलं, की मुलगी असण्याने काहीही बिघडत नाही. ती मुलगी पुढे खगोलशास्त्र शिकली, लेखिका झाली, टीव्हीवर आली. १९८२ ते ८४ मूर त्या हौशी लोकांच्या ब्रिटिश संस्थेचे अध्यक्ष होते. त्यांच्यानंतर १९८४ साली त्या खुर्चीवर बसलेली पहिली बाई म्हणजे ही हेदर कूपर.

मग मी पत्र लिहिलं. इंग्रजीत, हाताने, दोन पानं. मूर आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर देतात, ही त्यांची ख्याती होती. सोळा वर्षांच्या मुलीला तुम्ही जे कळवलंत ते खरं, की परवा छापून आलं ते खरं, एवढंच विचारायचं होतं, पण त्यात कच्छचे ढगही आले, टिळक स्मारकची गच्ची आली, माशीसुद्धा आली. खाली माझं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, की कुठली आहे ते कळावं. पाकीट बंद केलं, राणीच्या डोक्याचं तिकीट लावलं.

टाकलं नाही. उत्तर वाईट आलं असतं तर सोपं होतं. चांगलं येईल, याची मला जवळजवळ खात्री होती. दोन ओळींचं, प्रेमळ, कधी चहाला या असं म्हणणारं. मग मी काय केलं असतं?

२००८मध्ये परत आले. त्याच वर्षी मूर यांना पैशांची अडचण होती म्हणून क्वीन बँडचे ब्रायन मे यांनी त्यांचं घर विकत घेतलं आणि नाममात्र भाड्याने त्यांनाच राहायला दिलं, असं वाचलं. हा गिटारवाला २००७ साली खगोलभौतिकीत पीएच.डी. झालेला. मूर यांच्याभोवती अशी माणसं जमायची.

९ डिसेंबर २०१२, रविवार. संध्याकाळी मोबाइलवर बातमी आली, सेल्सीच्या घरी पॅट्रिक मूर गेले, वय ८९. कार्यक्रम शेवटपर्यंत चालू होता, पंचावन्न वर्षं आणि वर काही महिने. भाचा आला होता राहायला, आठ वर्षांचा. त्याला घेऊन गच्चीवर गेले. डिसेंबरचं पुण्याचं आकाश, ढग औषधालाही नाही. रोहिणीच्या शेजारी गुरू, आठवड्यापूर्वीच प्रतियुतीत, म्हणजे सूर्याच्या बरोबर समोर, येऊन गेलेला, डोळ्यांत भरेल असा. नकाशा दाखवावा म्हणून जुनं पुस्तक उघडलं, तर त्यातून ते पाकीट खाली पडलं.

"कोणाचं पत्र?" त्याने विचारलं.

"एका आजोबांना लिहिलं होतं."

"मग टाकलं का नाहीस?" तिकिटावरच्या राणीवर तो टॉर्च मारत होता.

"टॉर्च बंद कर," मी म्हटलं, "डोळ्यांना अंधाराची सवय होऊ दे." द्विनेत्री कठड्यावर टेकवून त्याच्या हातात दिली आणि सांगितलं, गुरूच्या दोन्ही बाजूंना एका रेघेत चार ठिपके असतात, त्याचे चंद्र, मोज.

तो बराच वेळ बघत राहिला. "तीनच आहेत."

"नीट बघ."

"तीनच आहेत गं मावशी. तू बघ."